काचेतली बावीस वर्षं

आमच्या घरात ब्रँडी हे औषध होतं. आईच्या लोखंडी कपाटात खालच्या कप्प्यात बामाची डबी, निलगिरीचं तेल आणि ग्राइप वॉटर यांच्या ओळीत एक चपटी बाटली असायची. कुणाची छाती भरली की चमचाभर ब्रँडी, चमचाभर मध आणि वर कोमट पाणी. वडील कंपनीत कामाला होते आणि दारूच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत. पण थंडीत दुसऱ्या शिफ्टहून शिंकत आले की तेही नाक दाबून निमूटपणे तो चमचा तोंडात घ्यायचे. ती दारू आहे हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, आणि खरं सांगायचं तर जरा फसवल्यासारखं वाटलं.

पुढे मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला लागलो आणि कंपनीने मला एका सप्लायरचा माल तपासायला फ्रान्सला धाडलं. रात्री जेवण झाल्यावर यजमानाने एका फुगीर ग्लासात तळाशी बोटभर तांबूस काहीतरी ओतून माझ्यापुढे सरकवलं. काय आहे म्हणून विचारलं तर म्हणाला, ब्रँडी. मी म्हणालो, "नको, मला सर्दी नाहीये." मी हे अगदी मनापासून म्हणालो होतो. तो मात्र अजून भेटला की त्यावर हसतो.

त्या रात्री आग्रह मोडवेना म्हणून मी घोट घेतला. आधी जीभ भाजली. मग जळजळ ओसरली आणि मागून मनुका आल्या, संत्र्याची साल आली, आणि जुनी सागवानी पेटी उघडल्यावर येतो तसला वास थेट नाकाच्या मुळापर्यंत गेला. मी ग्लास खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. आईच्या चपट्या बाटलीशी याचं नातं काय, हेच मला उमगेना. त्या दिवसापासून मला हा नाद लागला. लपवायचं कशाला?

आमच्याकडे हा नाद करणं सोपं नाही. चिंचवडच्या एका वाईन शॉपमध्ये मी पहिल्यांदा कोन्याक, म्हणजे ती फ्रेंच ब्रँडी, मागितली तेव्हा जाळीमागच्या माणसाने ब्रँडीची क्वार्टर काढून ठेवली आणि काळजीने सांगितलं, "लहान मुलाला देणार असाल तर अर्धाच चमचा द्या." मी म्हणालो, मलाच हवीय आणि जुनी हवीय. तो म्हणाला, जुना माल आम्ही ठेवतच नाही, सगळा फ्रेश आहे. मी हात टेकले. आता त्याची माझी चांगली ओळख आहे. कपाटाच्या वरच्या खणातली धूळ बसलेली एकुलती एक कोन्याक तो माझ्यासाठी राखून ठेवतो आणि मी दारातून आत शिरलो की ओरडतो, "सर्दीवाले साहेब आले!"

बाकीची खरेदी विमानतळावर. तिथे मी इतका वेळ घालवतो की एकदा माझं नाव पुकारलं गेलं. कोन्याकच्या बाटलीवर अक्षरं असतात, त्यावरून ती लाकडी पिंपात निदान किती वर्षं मुरली याचा अंदाज येतो. आर्मान्याक तिची गावाकडची बहीण. ती जरा रांगडी असते, आणि पुष्कळदा तिच्यावर सरळ सालच लिहिलेलं असतं. ऑफिसातल्या मंडळींना माझ्याकडून व्हिस्की हवी असते. मी माझ्या वाट्याच्या, करमुक्त आणता येणाऱ्या दोन्ही बाटल्या ब्रँडीच्या आणतो म्हणून ते मला शिव्या घालतात. एकाने माझ्या घरी येऊन वीस वर्षं मुरलेल्या कोन्याकमध्ये कोला ओतला होता. त्याच्याशी मी आठवडाभर बोललो नाही आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही. माझी बायकोही माझ्यावर हसते. तळहातावर ग्लास धरून मी अर्धा तास नुसता वास घेत बसतो तेव्हा ती म्हणते, "पिऊन टाक, नाहीतर मी फोडणीत घालते."

चार वर्षांपूर्वी मी फ्रान्सच्या दक्षिणेला, आर्मान्याकच्या मुलखात एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. त्याच्या शेडमध्ये काळी पडलेली पिंपं होती आणि प्रत्येकावर खडूने साल घातलेलं होतं. मला माझ्या जन्मसालाची हवी होती. तसा तिकडे रिवाजच आहे. आपल्या किंवा मुलाच्या जन्माचं साल शोधून लोक बाटली घेतात. त्याने पिंपातून नळीने काढून माझ्यासमोर बाटली भरली, बूच ठोकलं, वर लाख लावली आणि चिठ्ठीवर हाताने दोन तारखा लिहिल्या. एक माझ्या जन्माचं साल आणि दुसरी त्या दिवसाची तारीख. दुसरी कशाला, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, वय इथे थांबलं ना! पिंपात ती मुरते, दरवर्षी लाकडातून थोडी उडून जाते, आणि त्यातूनच ती सुधारते. एकदा काचेत गेली की काही होत नाही. पन्नास वर्षं ठेव, बूच घट्ट असेल तर आहे तशी राहील, आणि बूच सैल असेल तर मरेल.

त्या क्षणी मला एक माणूस आठवायला हवा होता. आठवला नाही. मी बाटली सुटकेसमध्ये कुठल्या स्वेटरात गुंडाळायची या विचारात होतो.

तो माणूस म्हणजे मामा. माझे सख्खे मामा नव्हेत. मी डिप्लोमा करून पहिल्यांदा ज्या कंपनीत ट्रेनी म्हणून लागलो, तिथल्या टूलरूमचे ते फोरमन. सगळी टूलरूम त्यांना मामा म्हणायची, अगदी मॅनेजरसुद्धा. राहणार चऱ्होलीचे, घरची शेती. शिक्षण जेमतेम, पण पत्र्याच्या भागावरून नुसतं बोट फिरवून तो दाबणारा साचा, म्हणजे डाय, कुठे घासला आहे ते सांगायचे. मायक्रोमीटर धरायला मला त्यांनी शिकवलं. मी तो नळासारखा आवळायचो तेव्हा माझ्या पाठीत धपाटाही त्यांनीच घातला होता.

तेव्हा फ्रान्सहून एक मोठा डाय आला होता आणि त्यावर निघणारा प्रत्येक भाग एका कोपऱ्यात फाटत होता. त्याच्याबरोबर तिकडचा एक वयस्क इंजिनिअर आला. मामांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्या माणसाचं इंग्रजी माझ्याहून बेताचं. दुभाषा म्हणून मला उभं केलं. पण तीन दिवस त्या दोघांना माझी गरज लागली नाही. निळा रंग लावायचा, डाय मिटवायचा, उघडायचा, कुठे रंग लागला ते बघायचं आणि तेवढंच घासायचं. एकमेकांचे खांदे दाबत, बोटांनी मापं दाखवत त्यांचं चाललेलं असायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी भाग अखंड निघाला. फ्रेंच माणसाने मामांना मिठी मारली आणि आपल्या बॅगेतून एक कोन्याकची बाटली काढून त्यांच्या हातात दिली.

मग तो बराच वेळ बोलला. ती कुठल्या गावची, कशी गाळतात, तळघरात पिंपांमध्ये किती वर्षं ठेवतात, दरवर्षी पिंपातून थोडी उडून जाते आणि त्याला ते देवदूतांचा वाटा म्हणतात. सगळं त्याने डोळे मिटून, हात हलवत सांगितलं. मामा माझ्या तोंडाकडे बघत होते. साडेतीनला शिफ्ट सुटायची आणि माझी बस गेटवर उभी होती. मी म्हणालो, "मामा, तो म्हणतोय की ही जितकी जुनी तितकी चांगली. दरवर्षी थोडी उडते, तो देवाचा वाटा. जेवढी उडते तेवढी बाकीची चांगली होते." एवढं सांगून मी पळालो. बस मिळाली.

पुढे मी कंपन्या बदलल्या, मामा रिटायर झाले. दसरा-दिवाळीला फोन व्हायचा. मग यंदा त्यांचा फोन आला. "पंच्याहत्तरी हाय माझी. पोरं म्हनली हॉलात करू, मी म्हनलं न्हाई. आपली जुनी चार मानसं बोलवायची, मामी कोंबडं करनार, आनि ती बाटली फोडायची. आठवती ना? बावीस वरसं ठेवलीय. तुला म्हनं त्यातलं लई कळतं आता. तू आधी येऊन बघून जा."

मी आनंदाने गेलो. चऱ्होलीत आता मामांच्या घराभोवती तिन्ही बाजूंनी टॉवर उठलेत. मध्ये त्यांचं बैठं घर, दारात शेवग्याचं झाड. "समोर बघ," मामा म्हणाले, "आमच्या हरभऱ्याच्या रानात सातवा मजला चढतोय." मामींनी पाणी दिलं. मामांनी आतल्या कपाटाला किल्ली लावली आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली दोन्ही हातांनी बाहेर आणली.

बाटली अर्धी होती. मला वाटलं, पीत असतील अधूनमधून. पण मामांचा चेहरा अभिमानाने फुलला होता. "बघितलं? निम्मी उडाली. निम्मी! म्हंजी राहिली ती कसली झाली असंल!"

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिली दोन वर्षं ते दर खंडेनवमीला, हत्यारांच्या पूजेच्या दिवशी, बाटली पाटावर ठेवून हाइट गेजने आतली पातळी मोजत होते. ती हलतच नव्हती. मामांना चैन पडेना. देवाचा वाटा जात नाही म्हणजे माल चांगला होत नाही, हे उघड होतं. विचार करता करता त्यांना डाय आठवला. डायमध्ये हवा अडकली की भाग नीट बसत नाही, म्हणून बारीक भोक ठेवतात. तर त्यांनी टूलरूममधून अर्ध्या मिलिमीटरचं ड्रिल घेतलं आणि बाटलीच्या बुचाला आरपार भोक पाडलं. त्यानंतर पातळी दरवर्षी बरोब्बर उतरत गेली. डायरीत वीस खंडेनवम्यांची मापं होती, एकही चुकलेली नाही. "नातवाला सर्दी झाली तरी चमचाभर दिली न्हाई ह्यांनी," मामी आतून म्हणाल्या. मामा म्हणाले, "औषध न्हाई ती."

बाटली त्यांनी माझ्या हातात दिली. मी बूच काढलं, नाक नेलं. पावसात भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यासारखा वास आला. खूप खाली कुठेतरी एखादी मनुका असावी, पण तीही आता निघून गेली होती. पिंप हा एक शब्द मी त्या दिवशी गिळला होता, बस पकडायची म्हणून, आणि हा माणूस वीस वर्षं अख्ख्या श्रद्धेने ती बाटली मारत आला होता. मी काय म्हणालो? "मस्त वास आहे, मामा," असं म्हणालो.

घरी येईपर्यंत मी स्वतःवर चिडलो होतो आणि त्याचा राग आळंदी रस्त्यावरच्या प्रत्येक डंपरवर काढत होतो. गावात, भावकीत, जुन्या कामगारांत, सगळ्यांना मामांनी बाटलीचं सांगून ठेवलं होतं. चार माणसं जिभेवर घेतील आणि तोंड वाकडं करतील. पंच्याहत्तरीच्या दिवशी, आपल्या घरात, आपल्याच हाताने मारलेली वस्तू त्यांनी पाहुण्यांना वाढायची, आणि चूक मुळात माझी. हे मला सहन होईना.

मी ठरवलं, माझी जन्मसालाची आर्मान्याक त्यांच्या बाटलीत ओतायची. रंग जवळपास तोच. मामांनी कोन्याक कधी चाखलेली नाही, बाकीच्यांनीही नाही. कुणाला कळणार नाही, आणि सगळ्यांना खरोखरच उत्तम ब्रँडी मिळेल. माझ्याकडची सगळ्यात प्यारी बाटली जाणार होती आणि त्याचं मला काही वाटत नव्हतं, यावरून मी स्वतःला जरा शाबासकीही दिली. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पटत नाही. पण नरसाळं वरच्या फळीवर आहे."

पंच्याहत्तरीच्या रविवारी मी सांगितल्या वेळेच्या तासभर आधी पोहोचलो. ओसरीत सतरंजी घातलेली होती, आत मामी रस्सा ढवळत होत्या. मामा म्हणाले, "बाटली आतल्या खोलीत हाय. तूच काढ, तुला रीत ठावं हाय." ते पाहुण्यांना वाट सांगायला फोन घेऊन अंगणात गेले. मी आत गेलो, पिशवीतून आर्मान्याक काढली, लाख खरवडली, बूच उपटलं. तो वास खोलीभर पसरला. मामांची बाटली खिडकीजवळच्या मोरीत ओतायची, मग नरसाळं लावायचं, दोन मिनिटांचं काम. मी मामांची बाटली उचलली, तिचं बूच काढलं आणि तशीच धरून उभा राहिलो. ओतवेना. तिच्यातली कोन्याक मेली होती हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी ती मोरीत जाताना मला दिसत होती आणि हात वाकत नव्हता.

"नरसाळं कशाला?" मामा दारात होते.

ते आत आले, दार लोटलं आणि खाटेवर बसले. "त्या दिशी तू वास घेतला आनि तुझं तोंड उतरलं," ते म्हणाले. "मी बघितलं. आठ दिवस झोप न्हाई मला. आता काय हाय ते सांग."

मग मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. पिंपाचं, लाकडाचं, काचेत वय थांबतं याचं. फ्रान्समधल्या शेतकऱ्याने चिठ्ठीवर लिहिलेल्या दोन तारखांचं.

"मंग त्यो फ्रेंचवाला खोटं बोलला?"

"नाही मामा. तो पिंपाबद्दलच बोलत होता. पिंप मी सांगितलंच नाही तुम्हाला."

"का?"

"बस सुटत होती."

"बस?"

"साडेतीनची."

मामा माझ्याकडे बघत राहिले. ते ओरडतील असं मला वाटत होतं, आणि ओरडावेत अशी माझी इच्छाही होती. टूलरूममध्ये त्यांचा आवाज प्रेसच्या वर चढायचा. पण त्यांनी फक्त हात पुढे केला. मी त्यांच्या बाटलीचं बूच त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि भोकातून आरपार बघितलं.

"आनि हे भोक न्हाई पाडलं तर?"

"जशी दिली होती तशी राहिली असती."

"चांगली न्हाई झाली, पर वाईट बी न्हाई."

"हो."

बाहेर टॉवरवर काहीतरी ठोकलं जात होतं. मी खाली बसलो, त्यांच्या पायाशी, आणि मला रडू आलं. पंचेचाळीस वर्षांचा बाप्या मी, नरसाळं मांडीवर घेऊन रडत होतो. "मामा, ही माझी ओततो," मी म्हणालो. "कुणाला कळणार नाही." मामांनी माझ्या बाटलीकडे पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात अंगणातून हाका आल्या. "ओ मामा! बड्डे बॉय कुठं हाय?"

चौघे आले होते. एक देहूरोडहून, दोघे आकुर्डीचे, एक मोशीचा. सगळे टूलरूमचे, सगळे आता रिटायर. पेढे झाले, शाल झाली, कुणाच्या गुडघ्याचं, कुणाच्या सुनेचं बोलणं झालं. मग देहूरोडवाले म्हणाले, "मामा, आता बाटली! तिच्यासाठी दोन दिवस गोळ्या बंद ठेवल्यात." मी उठणार तोच मामा स्वतः आत गेले आणि आपली बाटली घेऊन आले. आपली, अर्धी, तशीच. स्टीलच्या छोट्या पेल्यांत त्यांनी प्रत्येकाला थोडी थोडी घातली. सहाही पेल्यांत अगदी सारखी पडली.

सगळ्यांनी घोट घेतला. मीही घेतला. कोमट, गोडसर पाणी, मागून पुठ्ठा. सगळे जिभा फिरवत एकमेकांकडे बघत होते. मोशीवाले अंदाजाने म्हणाले, "स्मूद हाय राव." मग आकुर्डीचा एकजण माझ्याकडे वळला. "भावा, तू सांग. तुला यातलं कळतं. कशी आहे?"

पाचही तोंडं माझ्याकडे वळली. खोटं बोललो तर मामांना माहीत होतं, खरं बोललो तर सगळ्यांना माहीत होणार होतं. मी मामांकडे पाहिलं.

"त्याला काय इचारता?" मामा म्हणाले. "ठेवली मी, मी सांगतो. उडालीय ती. दारू लाकडात मुरती, काचेत न्हाई. मला वाटलं काचेत बी मुरंल, म्हनून मी बुचाला भोक पाडलं. वीस वरसं तिचा जीव चालला व्हता आनि मी मापं घेत बसलो. चूक माझी हाय."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तोंड उघडलं तर त्यांनी नुसत्या डोळ्यांनी मला गप्प केलं, मशीन चालू असताना करायचे तसं. मला तिथून उठून पळावंसं वाटलं.

देहूरोडवाल्यांनी हात पुढे केला. "बूच दाखवा." मामांनी दिलं. त्यांनी खिशातून चष्मा काढला, बूच फिरवून फिरवून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "मामा, भोक मात्र सरळ पाडलंय. कुठंच वाकडं गेलं न्हाई. बुचात असं ड्रिल चालवायचं म्हंजी गंमत न्हाई." बूच मग सगळ्यांच्या हातांतून फिरलं. कुणी विचारलं, आर.पी.एम. किती ठेवला होतात? कुणी म्हणालं, बूच फ्रिजात घालून कडक केलं असणार. मामा सांगायला लागले, की नाही, मेणात बुडवलं होतं. आणि मग अचानक सगळे हसत सुटले, मामासुद्धा. मोशीवाल्यांनी रिकामा पेला पुढे केला. "उडाली तर उडाली. राहिलेली घाला की राव." मामांनी घातली. स्वतःच्याही पेल्यात घातली आणि हळूहळू, एकेक थेंब जिभेवर ठेवत, डोळे मिटून प्यायली. "मला ग्वाड लागली," ते म्हणाले. "बाकी तुमी बघा."

माझं मन भरून आलं होतं. मी आत गेलो, माझी आर्मान्याक आणि एक कोरा पेला घेऊन आलो. मामींनी पानं मांडली होती आणि बाकीचे हात धुवायला उठले होते. मामा एकटेच भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्यापुढे पेला ठेवला. "मामा, एवढी घ्या. ही खरी मुरलेली आहे. बघा तरी कशी असते."

मामांनी पेल्यावर पालथा हात ठेवला.

"आज नको," ते म्हणाले. "ती चांगली लागंल, ठावं हाय मला. मंग मला ती बावीस वरसं मोजाया लागतील."

मी बूच लावलं आणि बाटली पिशवीत ठेवली. मग आम्ही दोघं जेवायला उठलो.